दोन गुणांचं उत्तर

मराठी माणसाला प्रश्न विचारला की तो आधी पार्श्वभूमी देतो. ‘आज पाणी का नाही आलं?’ एवढंच आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून बघा. ते चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाला पुसतात आणि ‘त्याचं असं झालं वहिनी’ म्हणून सुरू होतात. मग सोसायटीची नोंदणी, पहिल्या कमिटीने घातलेला घोळ, गच्चीवरच्या टाकीचं प्लॅस्टर, मध्येच काम टाकून गावी गेलेला प्लंबर, असं सगळं झाल्यावर पंपाची मोटर जळाल्याचं कळतं. तोवर बहुधा पाणी आलेलं असतं.

घराघरांत तेच. कुणाचं लग्न का मोडलं हे सांगायला आमच्या सासूबाई मुलीच्या आजीच्या लग्नापासून सुरुवात करत, आणि आम्ही हातातली कामं टाकून ऐकत असू. अशा घरांतून वाढलेल्या पंधरा वर्षांच्या पोराने इतिहासाच्या पेपरात दोन गुणांच्या टिपेला अडीच पानं लिहिली, तर एकट्या त्याला काय म्हणून बोलायचं?

मी नेरूळला राहते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, बोर्डाचे पेपर तपासले, रीतसर निवृत्तही झाले. पण बाई म्हणून एकदा शिक्का बसला की तो पुसत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की इमारतीतल्या दहावीतल्या मुलांच्या आया लिफ्टमध्ये माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. डिसेंबरात पहिली बेल वाजते. ‘बाई, इतिहासाचं जरा बघाल का? बाकीच्याला क्लास आहे.’ या एका वाक्यात इतिहासाचा सगळा सामाजिक दर्जा आला. गणिताला क्लास, विज्ञानाला क्लास, इंग्रजीला क्लास, इतिहासाला बाई.

मुलं येतात ती आत्मविश्वासाने. त्यांचं म्हणणं एकच असतं. ‘बाई, सगळं पाठ आहे. फक्त लिहायचं कसं ते सांगा.’ खरं तर या वाक्यातच त्यांचा आजार आणि औषध दोन्ही आहे, पण पहिल्या दिवशी ते बोलून दाखवलं तर दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. म्हणून मी आधी प्रश्नपत्रिका समोर ठेवते आणि हिशेब करायला लावते. राज्य मंडळाचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा. त्यात इतिहासाला 28, राज्यशास्त्राला 12. वेळ दोन तास, आणि 2023 पासून शेवटी मिळणारी दहा मिनिटं वर. ती दहा धरायची नाहीत, ती देवाची. म्हणजे एका गुणाला किती मिनिटं? गणिताच्या क्लासला वर्षाला लाखभर रुपये भरणारी मुलं इथे बोटं मोजतात. तीन मिनिटं. दोन गुणांच्या टिपेला सहा. सविस्तर उत्तर तीन गुणांचं, त्याला नऊ. यात वाचणं, आठवणं, पेनाची रिफिल झटकणं आणि पुढच्या बाकावरच्याने पुरवणी मागितली म्हणून घाबरणं हे सगळं आलं.

‘पण बाई, जास्त लिहिलं तर जास्त मार्क नाही मिळत?’

दरवर्षी हा प्रश्न येतो. परीक्षक वितीने उत्तरं मोजतात ही आख्यायिका माझ्या लहानपणीही होती. दुसरी आख्यायिका अशी की ते गठ्ठा पंख्याखाली धरतात आणि जो पेपर लांब उडेल तो नापास. मी इतकी वर्षं पेपर तपासले, माझ्या घरचा पंखा तेवढ्या जोराने कधी फिरला नाही. प्रत्यक्षात परीक्षकासमोर उत्तरसूची असते, हातात लाल पेन असतं, उजवीकडे न संपणारा गठ्ठा असतो आणि डोक्यावर नियामक असतो. त्याला तुमच्या उत्तरात दोन मुद्दे हवे असतात. ते पहिल्या पाच ओळींत सापडले तर तो तुम्हाला मनोमन आशीर्वाद देतो. अडीच पानं खणून काढावे लागले तर त्याच्या मनात काय येत असेल ते मी लिहीत नाही.

आता पालकांचं दुखणं. त्यांनी शाळेत असताना शिकलेला इतिहास आणि हे पुस्तक यांचा काही मेळ बसत नाही. त्यांच्या डोक्यात इतिहास म्हणजे सनावळ्या, तह, लढाया आणि ‘कारणे व परिणाम’. 2018 साली दहावीचं पुस्तक बदललं आणि त्यातून तोफांचा आवाज जवळजवळ गेलाच. पहिले दोन धडे इतिहास कसा लिहितात यावर; एक पाश्चात्त्य परंपरेचा, एक भारतीय. मग उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. एक बाबा तर पुस्तक चाळून माझ्याकडे आले आणि जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाले, ‘बाई, यात पानिपत कुठाय?’ जणू मीच कुठेतरी ठेवलं होतं.

मला विचाराल तर हे पुस्तक चांगलं आहे. लढाया गाळल्या म्हणून नव्हे. लढाया मला आवडतात. पण इतिहास म्हणजे कुणीतरी कशावरून तरी लिहिलेली गोष्ट आहे, आणि ‘कशावरून’ हे विचारायचं असतं, एवढं पंधराव्या वर्षी सरकारी पुस्तकातून सांगितलं जावं ही लहान गोष्ट नाही. व्हॉल्टेअरने राजांच्या पलीकडे व्यापार, समाज, रूढी यांचाही इतिहासात विचार व्हावा असं म्हटलं. जर्मनीत बर्लिन विद्यापीठातल्या रांकेने मूळ दस्तऐवज तपासल्याखेरीज बोलू नका असं बजावलं. हे सगळं मुलांना तोंडपाठ असतं. ‘आधुनिक इतिहासलेखनाचा जनक?’ म्हटलं की झोपेतसुद्धा ‘व्हॉल्टेअर’. त्याच दमात ‘महाराष्ट्रातल्या लाकडी बाहुलीला काय म्हणतात?’ – ‘ठकी’. दोन्ही एक एक गुणाचे. व्हॉल्टेअर आणि ठकी यांना एकाच पारड्यात बसवण्याची ताकद फक्त पर्यायी प्रश्नात असते.

पहिला प्रश्न हा असा सोपा, म्हणून मुलं तिथेच पाय घसरतात. कंसातला पर्याय निवडून विधान पूर्ण लिहायचं असतं. पठ्ठ्या नुसता शब्द ठोकून पुढे जातो. ‘चुकीची जोडी’ आली की बरोबर जोड्या लिहून येतो, कारण आयुष्यभर त्याला बरोबर तेच लिहायला शिकवलेलं. संकल्पनाचित्रात चार चौकोन रिकामे असतील तर तीन भरतो आणि चौथ्यात फूल काढतो. ही अतिशयोक्ती नाही, फूल मी पाहिलेलं आहे. पाकळ्याही पाच होत्या आणि नीट होत्या.

पण खरी गंमत पुढे, ‘सकारण स्पष्ट करा’मध्ये. आमच्या विंगेतल्या एका मुलीची सरावाची वही माझ्यासमोर आहे. अक्षर मोत्यासारखं, समास स्केलने आखलेला, महत्त्वाच्या शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा. विधान असं: प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचं चिकित्सक आकलन करून घ्यावं लागतं. तिचं उत्तर थोडक्यात असं: प्रसारमाध्यमांतून आपल्याला माहिती मिळते. ही माहिती खूप महत्त्वाची असते. या माहितीचे आकलन चिकित्सक पद्धतीने करणे गरजेचे असते. तसे न केल्यास चिकित्सक आकलन होत नाही. म्हणून प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचे चिकित्सक आकलन करून घ्यावे लागते.

शुद्धलेखनाची एक चूक नाही. वाक्यं पाच, कारण शून्य. दारातून निघून पूर्ण बिल्डिंगला वळसा घालून ती पुन्हा दाराशी आली होती, आणि चप्पलसुद्धा मळली नव्हती.

मी तिला म्हटलं, ‘हे राहू दे. सकाळी तुझ्या बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर काय टाकलंय ते वाच.’ तिने फोन काढला. एका जुन्या नाण्याचा फोटो, खाली त्या नाण्यावर काय लिहिलंय याचा छातीठोक दावा, मग ‘हा इतिहास तुमच्यापासून लपवला गेला’ आणि शेवटी ‘खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा’. बाबांनी पाठवलं होतं. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. ‘आता सांग,’ मी म्हटलं, ‘हे खरं की खोटं?’

‘कसं कळणार?’

‘का नाही कळणार?’

ती विचार करायला लागली. लिहिणाऱ्याचं नाव नाही. नाणं कुठे सापडलं, कुठल्या संग्रहालयात आहे ते नाही. फोटो दुसऱ्याच नाण्याचा असू शकतो. आणि ज्याने लिहिलंय त्याला आपण पुढे पाठवावं असं फार वाटतंय, म्हणजे त्याचा काहीतरी हेतू असणार. चार कारणं झाली. मी म्हटलं, यातली कुठलीही दोन लिही, एक उदाहरण दे, आणि पेन खाली ठेव. तिने लिहिलं. सहा मिनिटंही लागली नाहीत. मग जरा काळजीने विचारलं, ‘बाबांचं नाव नाही ना लिहायचं?’ म्हटलं नको, परीक्षकही कुठल्यातरी ग्रुपवर असतोच.

परीक्षेचं कौशल्य, परीक्षेचं तंत्र म्हणून जे हल्ली कार्यशाळा घेऊन शिकवतात ते इतिहासापुरतं एवढंच आहे: विचारलंय काय ते बघ, त्यालाच उत्तर दे, आणि कशावरून ते सांग. यात मुलं पहिल्या पायरीलाच अडकतात, कारण प्रश्न वाचायच्या आत त्यांचा हात सुरू होतो. ‘बखर’ हा शब्द दिसला की बखरीबद्दल पाठ असलेलं सगळं कागदावर ओतायचं. प्रश्न बखरीच्या एखाद्या प्रकाराबद्दल असला तरी. नवनीतच्या मार्गदर्शकात उत्तर ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने ते बाहेर पडतं. मध्येच थांबवलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.

तसं पाहिलं तर मोठी माणसं तरी कुठे आटोपशीर लिहीत होती? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे घ्या. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून त्यांनी कागद गोळा केले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड उभे केले. पहिला खंड 1898 सालचा, पानिपतापर्यंतच्या काळातल्या पत्रांचा. त्याला त्यांनी जी प्रस्तावना जोडली ती स्वतःच एक ग्रंथ व्हावी एवढी. अशा माणसाला दहावीच्या वर्गात बसवून ‘टीप लिहा : बखर, गुण 2’ असं दिलं असतं तर दोन तासांनी त्यांनी पर्यवेक्षकाला वर्गाबाहेर काढलं असतं आणि पेपर तसाच चालू ठेवला असता. बाकी 38 गुण गेले खड्ड्यात. उलट कृष्णाजी अनंत सभासद हा परीक्षेच्या दृष्टीने आदर्श विद्यार्थी. राजाराम महाराजांनी थोरल्या महाराजांचं चरित्र लिहून मागितलं, त्याने तेवढंच आणि सुटसुटीत लिहून दिलं. आमच्या मुलांना नाव दोघांचंही घ्यायचं असतं, पण पेपर मात्र सभासदासारखा सोडवायचा आणि राजवाड्यांचं वाचन पुढच्या आयुष्यासाठी ठेवायचं. हे मी सांगते तेव्हा एखादं पोरगं हमखास विचारतं, ‘बाई, हे लिहायचं का उत्तरात?’

उताऱ्याच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो चार गुणांचा आणि जवळजवळ फुकट आहे. उत्तर उताऱ्यातच असतं. तरी मुलं तो शेवटी ठेवतात. पाठांतराची इतकी सवय, की समोर छापलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नाही. काहीतरी सापळा असणार असं वाटतं. त्यातला शेवटचा उपप्रश्न कधी कधी मत विचारणारा असतो. तिथे ‘माझ्या मते हे बरोबर आहे’ असं एक वाक्य येतं आणि पूर्णविराम. का बरोबर आहे ते नाही. मुलीचं मत काय हे घरात आजवर कुणी विचारलेलं नसतं, शाळेत विचारायला वेळ नसतो, आणि थेट मंडळाच्या प्रश्नपत्रिकेने विचारल्यावर ती बिचारी गोंधळते. हे कौशल्य माझ्याकडे आठवड्यातून दोनदा येऊन जमणारं नाही. ते जेवणाच्या टेबलावर जमतं, टीव्ही बंद असेल तर.

आता नवी मुंबईबद्दल. इथल्या मुलांची एक ठाम समजूत आहे, की आपल्याकडे इतिहास नाही. इतिहास पुण्याला असतो, रायगडावर असतो, अजिंठ्याला असतो. आपल्याकडे सेक्टर असतात. बेलापूरला महापालिकेच्या भल्यामोठ्या इमारतीसमोरच्या चौकाला किल्ले गावठाण म्हणतात, तिथून रोज स्कूलबस जाते. पण त्या नावातला किल्ला कुठे गेला हे विचारलेलं मूल मला अजून भेटायचं आहे. सीबीएसईची मुलं नकाशात चंपारण, खेडा, दांडी अचूक दाखवतात. उरण तालुक्यातलं चिरनेर, जिथे 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, ते इथून गाडीने तासाभरावर. ते त्यांच्या नकाशात नसतं. यात मुलांचा दोष नाही, पण शिकवणाऱ्याची मोठी सोय वाया जाते.

म्हणून मी सरावासाठी पुस्तकाबाहेरचे प्रश्न काढते. पालकांना ते आवडत नाही (‘बाई, हे येणार आहे का?’), मुलांना आवडतं. एक प्रश्न असा: वाशीचा खाडीपूल 1973 साली वाहतुकीला खुला झाला, तरी लोक लगेच नव्या शहरात राहायला आले नाहीत. सकारण स्पष्ट करा. गुण 2, वेळ 6 मिनिटं.

पहिल्यांदा मुलं नेहमीप्रमाणे पार्श्वभूमी देतात. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, 17 मार्च 1970 रोजी ते शहर उभारायला सिडको स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन या प्रकल्पात आली... सगळं खरं, आणि सगळं प्रश्नाबाहेरचं. मी लाल पेन उचलते. ‘पूल होता. मग का आले नाहीत?’ मग हळूहळू सुरू होतं. नोकऱ्या फोर्टात आणि नरिमन पॉइंटला. मंत्रालय इकडे हलेल म्हणून बोललं जात होतं, ते हललं नाही. रेल्वे नव्हती, वाशीला पहिली लोकल आली ती 1992च्या मे महिन्यात, म्हणजे पुलानंतर जवळजवळ दोन दशकांनी. ‘मग माझे आजोबा का आले?’ एकाने विचारलं. घरी विचारून ये म्हटलं. आजोबा कांदा-बटाट्याच्या घाऊक व्यापारात होते, बाजार मुंबईतून इकडे आला, त्याच्या मागून ते आले. एका घरातल्या एका कारणाने त्या पोराला नियोजन, बाजार आणि स्थलांतर एकदम कळलं. त्यानंतर ‘सकारण’ला त्याने कधी वळसा घातला नाही.

माझ्याकडे करावे गावातला एक मुलगा यायचा. गावठाण आमच्या सोसायटीपासून चालत पंधरा मिनिटांवर. हुशार, पण लिहायचा कंटाळा. ‘रांकेने मूळ दस्तऐवजांना महत्त्व का दिले?’ हे त्याला काही केल्या पटत नव्हतं. पुस्तकात छापलंय ना, मग मूळ कशाला शोधायचं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, तुमची जमीन सिडकोत गेली का? म्हणाला, गेली असेल, आजा सांगतो कधी कधी. म्हटलं, किती गेली, कधी गेली, काय भावाने गेली, विचारून ये.

दुसऱ्या दिवशी आजोबाच आले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, बगलेत दुधाच्या पिशव्या उलट्या करून शिवलेली एक थैली. त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद: जुना सातबारा, भूसंपादनाची नोटीस, पैसे मिळाल्याची पावती, आणि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी केलेल्या अर्जांची चळत. कडा पिवळ्या पडलेल्या, घड्यांवर सेलोटेप. माझ्या टीपॉयवर त्यांनी ते एकामागून एक मांडले, पण हात कागदावरून काढला नाही. मग 1984 सालच्या जानेवारीची गोष्ट सांगितली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेलं शेतकऱ्यांचं आंदोलन, जासईचा रस्ता, 16 आणि 17 तारखेचा गोळीबार, पाच शेतकरी हुतात्मे. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून 2021 साली झालेल्या मानवी साखळीबद्दल नातवाने ऐकलं होतं. दि. बा. कोण होते हे त्याला ठाऊक होतं, पण का होते हे त्या दिवशी कळलं.

त्याने खिशातून फोन काढला आणि सातबाऱ्याचा फोटो घ्यायला गेला. आजोबांनी कागद मागे ओढला. ‘फोटूत काय बी करतात. कागद मूळचा हाय. झेरॉक्स काढून देन, हा हातात द्यायचा नाय.’

रांकेला याहून चांगला शिष्य बर्लिनमध्ये मिळाला असेल असं वाटत नाही. नातवाने त्या रात्री लिहिलेलं उत्तर मी जपून ठेवलंय. सहा ओळी आहेत. सांगीव गोष्टीत आकडे बदलतात, कागदात बदलत नाहीत. कागदावर तारीख आणि सही असते म्हणून तो तपासता येतो. पण कागद सरकारने लिहिलेला असतो, म्हणून शेतकऱ्याला काय वाटलं ते त्यात नसतं, ते माणसालाच विचारावं लागतं. शेवटचं वाक्य उत्तरसूचीत नाही. वंचितांच्या इतिहासाचा परिच्छेद पाठ करून ते कुणाला सुचलं नसतं. मी नियामक असते तर एवढ्यासाठी अर्धा गुण जास्त द्यायला भांडले असते. आता त्याचं पुढचं वेड म्हणजे गावातल्या धवलारणी लग्नात गातात ते धवले उतरवून घेणं. परीक्षेला उपयोग शून्य. मी अडवत नाही.

इथे कुणी म्हणेल, बाई, तुमचं ठीक आहे, तुम्हाला एक करावं गाव सापडलं. ज्यांचे आजोबा कांद्याचे व्यापारी नाहीत आणि ज्यांच्या घरात थैली नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्या घरात लाइटची बिलं असतात. रेशनकार्ड असतं, त्यावरचे बदललेले पत्ते असतात. सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त असतं, जे वाचून मागच्या वर्षी नेमकं काय ठरलं हे कुणालाही सांगता येत नाही. साधनांची चिकित्सा शिकायला त्याहून उत्तम नमुना नाही. ‘ऐतिहासिक साधने’ म्हणजे ताम्रपट आणि शिलालेख ही समजूत एकदा गेली की निम्मा पेपर सुटतो.

उरलेला निम्मा साध्या शिस्तीचा. प्रश्नपत्रिका हातात पडली की पाच मिनिटं पेन उचलायचं नाही. चारपैकी दोन सोडवायचे असतील तर कुठले दोन ते तिथेच खूण करून ठरवायचं. तीन अर्धे लिहून दोनाचे गुण मिळत नाहीत. प्रश्नाचा क्रमांक छापलाय तसाच घालायचा. सविस्तर उत्तरात मुद्दे वेगळे दिसू द्यायचे, पण प्रत्येक मुद्द्याला रंगीत पेन बदलत बसायचं नाही. परीक्षक रांगोळी स्पर्धेला आलेला नसतो. साल नक्की आठवत नसेल तर लिहू नका. ‘दर्पण’ 1832 साली निघालं हे माहीत असेल तर लिहा. नसेल तर ‘बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं’ एवढ्यानेही भागतं. चुकीचं साल लिहून पेपरात नवीन इतिहास घडवायची गरज नसते. आणि राज्यशास्त्राचे 12 गुण हे शेवटच्या बारा मिनिटांत उरकायचे नसतात. दरवर्षी ‘भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने’ हे उत्तर घाईत, तिरक्या अक्षरात आणि अर्ध्यावर सुटलेलं मिळतं. प्रतीकात्मक म्हणून मी कधी गुण दिले नाहीत.

मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय आमच्या वाशीत आहे. या गोष्टीचा नवी मुंबईकरांना एक विनाकारण अभिमान आहे. जणू पेपर शेजारच्या गल्लीत तयार होतात आणि खिडकी उघडी राहिली तर आपल्याला दिसतील. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की अफवांचं पीक इथे जरा जास्तच येतं. ‘वाशीला ओळखीचा एक जण आहे’ असं म्हणणारे प्रत्येक इमारतीत निदान दोन असतात. पेपराच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्याचे खात्रीचे प्रश्न’ येतात. मुलं तोपर्यंत झोपायला हवीत, ती उठून बसतात. जे येतं ते वाचून काढतात, मग सकाळी त्यातला एकही प्रश्न आला नाही म्हणून पहिली पंधरा मिनिटं हातपाय गार. वर्षभर केलेली सगळी तयारी त्या एका फॉरवर्डने उलटी होते, आणि पाठवणारे काका दुपारी विचारतात, ‘काय रे, कसा गेला?’

तर पालकहो, एवढीच एक विनंती. इतिहासाच्या आदल्या रात्री ग्रुपवर काहीही टाकू नका. अगदीच राहवलं नाही, तर पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि मूळ दस्तऐवज सोबत जोडा. झेरॉक्स चालेल.